यंत्राची किल्ली कुणाच्या हाती?

नागपूरच्या वैशाखात माणसाचाच जीव कासावीस होतो, तेथे यंत्राची काय कथा! मागे एकदा ऐन उन्हाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीतील संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बंद पडले. पंखा धुळीने गच्च भरला होता. दोष कार्डाचा नव्हे, आमचा. वर्षभरात डबा उघडून कोणी धूळ झटकली नव्हती. या संगणकावर दिवसा वर्गणीचा हिशेब होतो व संध्याकाळी कामगारांची मुले खेळ खेळतात. काही जुन्या सभासदांना हे रुचत नाही. परंतु खेळावयास आलेला मुलगा उद्या यंत्राविषयी प्रश्न विचारू लागतो, हा आमचा अनुभव आहे. त्यांतल्याच एकाने विचारले, ''काकाजी, कार्ड बदललं तं लिनक्सवर गेम चालतीन काय?'' त्याचे उत्तर शोधताना आम्हांस जे कळले, ते येथे सांगावयाचे आहे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले. तेव्हा भाषा साधीच असेल.

प्रथम कार्ड म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या पडद्यावर साधारणपणे आडवे १९२० व उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. चित्र हलते दिसावे म्हणून ते सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागते. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचा हिशेब झाला. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हुशार फिटरासारखा. अवघड कामे एकामागून एक उरकतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे गिरणीतील मागांचे खाते. तेथे शेकडो हात एकच साधे काम एकाच वेळी करतात. हे हात केवळ खेळापुरते नाहीत. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा आला. त्यातील गणिताचे ओझे एनव्हिडिया कंपनीची याच जातीची कार्डे उचलतात, आणि तो चालतो लिनक्सवर.

पण नुसते हात असून भागत नाही; त्यांना हुकूम कळला पाहिजे. कार्डाची भाषा निराळी, संगणकप्रणालीची निराळी. या दोघांमधील दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि सगळी गोम येथेच आहे. लिनक्सचा गाभा लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. तो कोणालाही वाचता, सुधारता व वाटता येतो. परंतु दुभाष्याची वही कंपनीच्या कुलपात असेल, तर प्रणाली मोकळी असून काय उपयोग?

एएमडी कंपनीने २००७ साली आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करावयास सुरुवात केली. २०१५ पासून तिचा नवा खुला ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच येतो. इंटेलचाही तसाच येतो. एनव्हिडियाने मात्र दीर्घकाळ आपला ड्रायव्हर बंद ठेवला. तेव्हा स्वयंसेवकांनी कार्ड कसे वागते याचे निरीक्षण करून 'नूवो' नावाचा खुला ड्रायव्हर रचला. २०१२ साली फिनलंडमधील एका जाहीर कार्यक्रमात टॉरवाल्ड्स यांनी या कंपनीवर अत्यंत कडक शब्दांत टीका केली. मे २०२२ मध्ये तिने नव्या कार्डांसाठी गाभ्याशी जोडणारा भाग खुला केला. त्यावरचा भाग बंदच राहिला. तिचा बंद ड्रायव्हर लिनक्सवर चालतो, हे कबूल केले पाहिजे. प्रश्न चालण्याचा नाही, उघडण्याचा आहे. उद्या कंपनीने जुन्या कार्डाची दखल घेणे सोडले, तर बंद ड्रायव्हर दुरुस्त करावयास दुसरा कोण पुढे येणार?

आता खेळांकडे वळू. बहुतेक खेळ विंडोजसाठी लिहिलेले असतात. त्यांचे हुकूम लिनक्सच्या भाषेत फिरविण्याचे काम 'वाइन' या प्रकल्पाने १९९३ साली आरंभिले, आणि अनेकांनी ते वर्षानुवर्षे नेटाने चालविले. त्याच पायावर वाल्व्ह कंपनीने २०१८ साली 'प्रोटॉन' आणले, व २०२२ साली लिनक्सवर चालणारे 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळावयाचे यंत्र बाजारात आणले. कंपनीने हे धर्मादाय केले नाही, धंद्यासाठी केले. तरी काम खुले असल्याने फायदा सर्वांच्या पदरात पडला. तथापि सर्वच खेळ चालत नाहीत. अनेकांनी मिळून खेळावयाच्या काही खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी असतो. तो लिनक्सला दारातच अडवितो. 'व्हॅलोरंट' हा त्यांपैकीच एक.

असो. आम्ही सीताबर्डीतून दुसऱ्या कंपनीचे, वापरलेले कार्ड आणले. पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे, डब्यात कार्डाची लांबी मावते का, हे आधी पाहिले. वायर काढली, डब्याच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालविली, स्क्रू काढला, खाचेच्या टोकाची खिटी दाबून जुने कार्ड सोडविले व नवे बसविले. पडद्याची केबल मदरबोर्डाला नव्हे, कार्डालाच जोडली. बटण दाबले आणि पडदा काळा! घाईत आम्ही जुना ड्रायव्हर व त्याचे नाव लिहिलेली फाइल काढलीच नव्हती. जुना दुभाष्या नव्या पाहुण्याशी भलतीच भाषा बोलत होता. त्या मुलाने कंट्रोल, ऑल्ट व एफ ३ या कळा एकदम दाबल्या. नुसत्या अक्षरांचा पडदा उघडला. तेथून त्याने जुना ड्रायव्हर काढला, ती फाइल बाजूस ठेवली व संगणक पुन्हा सुरू केला. नव्या कार्डाचा ड्रायव्हर गाभ्यात आधीच होता. त्या संध्याकाळी खेळ चालला.

एम्प्रेस मिल १८७७ साली या शहरात सुरू झाली. त्या काळच्या यंत्राचा पट्टा, चाके, चात्या डोळ्यांना दिसत; अडाणी म्हटलेला कामगारही पाहून पाहून शिके. आजच्या यंत्राची चाके ड्रायव्हरच्या ओळींत लपली आहेत. त्या ओळी खुल्या असतील तरच पाहून शिकता येईल. नाही तर पैसे आपले, यंत्र आपल्या घरी, आणि किल्ली परक्याच्या खिशात.

हा प्रश्न आता घरोघरी आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. धडधाकट असूनही विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी संगणक कामगारांच्या घरांत आहेत. ते भंगारात घालण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहावे, आणि नवे कार्ड घेताना किमतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: याचा ड्रायव्हर खुला आहे काय? आमच्या कचेरीत त्या मुलाने कार्ड बदलण्याच्या पायऱ्या मराठीत लिहून भिंतीवर लावल्या आहेत. पहिली पायरी अशी आहे: आधी जुना ड्रायव्हर काढा.