पंप कपाटात नको, दप्तरात हवा

गेल्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाला त्याचे सर स्कूटरवरून माझ्या दवाखान्यात घेऊन आले. छाती भात्यासारखी चाललेली, एक वाक्य पुरे होईना. दम्याचा पंप शाळेतच होता. पण मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि किल्ली असलेला शिपाई बँकेत!

दम्यात श्वासनळ्या आवळतात. सालब्युटामॉलचा पंप त्या काही मिनिटांतच मोकळ्या करतो. म्हणून तो मुलाजवळच हवा. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज आहे. पंपाच्या एका दाबात औषध १०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत चाळीसपट! पण गोळीला कोणी घाबरत नाही.

पालकांनी वर्गशिक्षकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी. धाप लागल्यास मुलाला आडवे करू नये, बसवावे. स्पेसरच्या नळीतून एकेक दाब चार-पाच श्वासांत घेऊ द्यावा. उतार न पडल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास तडक रुग्णालयात न्यावे. आठवड्यात दोनदाहून अधिक वेळा हा पंप लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

त्या मुलाच्या आईने दप्तराला पंपापुरता कप्पा शिवला. चिठ्ठी मात्र सरांनीच माझ्याकडून मागून नेली.