कुत्र्याला पोहायला मुळशीच का?

उन्हाळ्यात कुत्र्याला पोहायला कुठे न्यावे, हे पुण्यात बहुतेक जण अंतर बघून ठरवतात. ते पाणी बघून ठरवायला हवे. पाषाण तलाव जवळचा खरा, पण त्यात राम नदी वस्त्यांचे सांडपाणी घेऊन येते आणि वर जलपर्णी माजते. पावसाळ्यात ते निदान पातळ होते. मे महिन्यात उरतो तो अर्क. खडकवासल्याचे पाणी पुणेकरांच्या नळाला येते, तेव्हा तिथे कुत्रा सोडू नये हे सांगायला पाटी लागू नये. ओळखीच्या कुणाचे शेततळे तर सर्वांत घातक. प्लास्टिकच्या अस्तरावर नखे रुतत नाहीत. उत्तम पोहणारा कुत्राही कडेशी खरडत राहतो आणि दमून बुडतो.

पौड ओलांडून ताम्हिणीकडे जाताना लागणारा मुळशीचा जलाशय या तिन्ही दोषांतून बराचसा सुटतो. मुळा नदीवर टाटांनी बांधलेले हे धरण. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते. आजचा निळाशार देखावा बुडालेल्या गावांवर उभा आहे, एवढे सहलीला येणाऱ्यांना ठाऊक असावे. इथले पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरते. वरच्या अंगाला मोठे शहर नाही आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की अनेक ठिकाणी काठ उताराचा होतो, म्हणजे कुत्र्याला चालत आत जाता येते आणि चालतच बाहेर पडता येते. मात्र नुकत्याच उघड्या पडलेल्या गाळावर वाळलेली खपली असते आणि खाली लोणी. पाय कोपरापर्यंत रुततो. म्हणून खडकाळ, मुरमाड काठच निवडावा आणि आधी माणसाने चालून पाहावा. वाऱ्याने एका कडेला हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग जमला असेल, तर त्या दिवशी परतावे. ते विषारी शेवाळ असू शकते, आणि कुत्रा पाणी प्यायला नाही तरी बाहेर आल्यावर अंग चाटतोच.

काठच्या गावांचेही हे पाणी आहे, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे पाणवठे टाळावेत, गावकऱ्यांनी वा धरणाच्या रखवालदाराने नको म्हटले तर वाद घालू नये, विष्ठा उचलून आणावी. मानेवर गोचिडाचे औषध नुकतेच लावले असेल तर कुत्र्याला पाण्यात सोडूच नये; त्यात अनेकदा असणारे फिप्रोनिल हे कीटकनाशक अगदी थोडे विरघळले तरी पाण्यातले किडे मरतात. ‘म्हशी डुंबतात ते चालते, मग आमचा कुत्रा का नको?’ हा प्रतिवाद मात्र लंगडा आहे. म्हैस डुंबते म्हणून पाणी निर्धोक होत नाही. गुरांच्या आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू पाण्यात येतात, त्यामुळे त्याची लस वेळेवर हवीच. कुत्रे उपजतच पोहतात, हेही अर्धसत्य. लॅब्रॅडॉर पोहेल, आखूड नाकाच्या पगला श्वासच पुरत नाही. त्याच्यासाठी गच्चीवरचा टब भरावा, ताम्हिणीचा रस्ता धरू नये.