सत्तावन्न किलोंचा पैलवान

गावच्या यात्रेत फडातली शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती लागते ती जड अंगाच्या गड्यांची. महाराष्ट्र केसरीची गदाही त्यांच्याच खांद्यावर शोभते, अशी आपली समजूत. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव मात्र सत्तावन्न किलो गटातले!

कराडजवळच्या गोळेश्वरात १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब पैलवान, म्हणजे आखाडा घरचाच. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. गावाकडच्या मातीत पाठ टेकली की निकाल लागतो. ऑलिंपिकच्या गादीवर मात्र कुणी चितपट झालं नाही, तरी वेळ संपताच पंच निकाल देतात. ती रीत अंगवळणी पडलेली नसताना खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. त्यांच्या पदकापेक्षा मला या सहाव्या क्रमांकाचं अधिक अप्रूप वाटतं.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पुन्हा पैशांची चणचण. खाशाबांच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं, जपानच्या इशीकडून आणि सोव्हिएत मल्लाकडून हार पत्करली, आणि कांस्यपदक घेऊन परतले. कराडात बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं.

पुढे १९५५पासून पोलीस खात्यात नोकरी, १९८४ साली अपघाती मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. सरकारी कौतुकाला एवढा उशीर!

खाशाबांनंतर ऑलिंपिकमधून सुशील कुमार ६६ किलोंत, बजरंग पुनिया ६५, योगेश्वर दत्त ६०, रवी दहिया आणि अमन सेहरावत तर थेट खाशाबांच्याच ५७ किलोंत पदकं घेऊन आले. भारतीय पुरुष मल्लांचं ६६ किलोंच्या वरचं एकही ऑलिंपिक पदक नाही. सुशीलपासून अमनपर्यंत ही सारी उत्तरेकडची मंडळी. आपल्याकडचा बीडचा राहुल आवारे २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकला, तेही ६१ किलोंत; पण तो वजनगट ऑलिंपिकमध्ये नाही.

महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनात सत्तावन्न किलोंच्याही कुस्त्या होतात. गदा आणि अलीकडे थार गाडी मात्र जड गटातला मल्लच घेऊन जातो.