आडनाव एकच, स्पेलिंग वेगळं : यवतमाळचे ठाकरे आणि मुंबईचे ठाकरे

यवतमाळ जिल्ह्यातला ठाकरे आडनावाचा पोरगा मुंबई-पुण्यात गेला की एक प्रश्न ठरलेला असतो, “मातोश्रीवाल्यांपैकी का रे?”

उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच असतं. विदर्भात ठाकरे आडनावाची कितीतरी घरं आहेत. दारव्ह्याचे आमदार राहिलेले आणि २००८ ते २०१५ या काळात काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष असलेले माणिकराव ठाकरे त्यातलेच. इंग्रजीत हे आडनाव सहा अक्षरी स्पेलिंगनेही लिहितात : टी-एच-ए-के-आर-ई.

मग मुंबईच्या ठाकरेंचं स्पेलिंग नऊ अक्षरी कसं?

तर ते मुळात एक इंग्रजी आडनाव आहे. बाळासाहेबांचे वडील प्रबोधनकार ठाकरे यांना इंग्रज कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे आवडायचा. त्यावरून त्यांनी आपल्या आडनावाचं स्पेलिंग तसं केलं, असं सांगितलं जातं. आडनाव मराठीच राहिलं, बदललं ते फक्त इंग्रजी स्पेलिंग.

हा थॅकरे जन्मला कलकत्त्यात, १८११ साली. ‘व्हॅनिटी फेअर’ ही त्याची गाजलेली कादंबरी. त्याचे वडील आणि आजोबा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. १८२४ मध्ये राणी चन्नम्माच्या सैन्याशी लढताना कित्तूरला मारला गेलेला धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे हाही याच घराण्यातला.

या आडनावाचं मूळ इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात सापडतं. जुन्या नॉर्स भाषेतल्या शब्दांवरून त्याचा अर्थ लावतात : छप्पर शाकारायचं गवत जिथे उगवतं तो कोपरा. गंमत म्हणजे तिथेही स्पेलिंगवर एकमत नाही. लीड्सचा गायक जेक थॅकरे त्यातलं एक ‘ई’ गाळून लिहायचा.

इंग्लंडमध्ये हे खपून जातं. आपल्याकडे मात्र दहावीच्या मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं आणि पासबुकवर तिसरं असलं की शिष्यवृत्तीचा नाहीतर पासपोर्टचा अर्ज अडकतो. प्रबोधनकारांच्या काळात स्पेलिंग आवडीने बदलता यायचं, आज अधिकृत बदलासाठी राजपत्रात नोंद करावी लागते.

त्यामुळे ठाकरे असा नाहीतर राठोड, सगळ्या कागदांवरचं स्पेलिंग आजच एकदा जुळवून बघा.