बहिऱ्या खोलीतले गाणे

१२ एप्रिल १९६१ ची सकाळ. बैकानूरच्या तळावर ‘वोस्तोक’ यानात युरी गागारिन पट्टे आवळून बसला होता आणि उड्डाणाला बराच वेळ होता. कंटाळा तर नाही ना आला, असे त्याचा सहकारी पावेल पोपोविच ह्याने खालून रेडिओवर विचारले. गागारिन म्हणाला, थोडे संगीत असेल तर लावा. संगीत लवकर येईना. तेव्हा यानाचे मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह थट्टेने म्हणाले की, ही वादक मंडळी अशीच, ह्यांचा इकडे-तिकडे करण्यातच वेळ जायचा! आमच्या पेशाची ही कीर्ती थेट तेथवर पोहोचलेली पाहून मला हसू आले. अखेर प्रेमगीते लागली, आणि ९ वाजून ७ मिनिटांनी यान सुटले.

परंतु संगीताची ही मागणी निव्वळ हौसेची म्हणता यायची नाही. ह्या वैमानिकांना उड्डाणापूर्वी एका बंद खोलीत दहा दहा, पंधरा पंधरा दिवस एकटे ठेवीत. रशियन भाषेत तिचे नावच मुळी ‘बहिरी खोली’. बाहेरचा आवाज आत नाही, दिवस केव्हा उजाडला ह्याचा पत्ता नाही, बोलावे तर उत्तर नाही. गवयाच्या घरी वाढलेल्या मला शांतता प्रिय खरी. पण ती तंबोरा लागेपर्यंतची. जिथे ‘वा’ म्हणायला कोणी नाही तेथली शांतता निराळी.

पोपोविच हा युक्रेनचा गडी. त्याने ह्या एकांतावर गाण्याचाच उतारा काढला. तो आत आपल्या मुलखातली गाणी गाई आणि बाहेर यंत्रांपाशी माणसे जमून ऐकत. त्यांची दाद मात्र त्याला ऐकू जात नसे. पुढे १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘वोस्तोक–४’ मधून त्याने कोरोल्योव्हांच्या आवडीचे एक जुने युक्रेनी गीत अंतराळातून गायिले. कोरोल्योव्हही मूळचे तिकडच्याच झितोमिरचे.

गागारिनच्या उड्डाणाआधी वीस दिवस, २३ मार्च १९६१ रोजी, अशाच खोलीत वालेंतिन बोंदारेंको ह्याचा दहावा दिवस होता. वय २४, पथकातला सर्वांत लहान. आतल्या हवेत प्राणवायूचे प्रमाण जादा होते. अंगावरच्या तारा काढून त्याने त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि बोळा सहज बाजूला टाकला. तो पडला नेमका विजेच्या तापल्या शेगडीवर. क्षणात आग पसरली. आतल्या-बाहेरच्या हवेच्या दाबातील फरकामुळे दार लगेच उघडता आले नाही. काही तासांनी इस्पितळात तो गेला.

गागारिनचे नाव जगभर दुमदुमले. बोंदारेंकोचे रशियातल्या वृत्तपत्रात छापून यायला १९८६ साल उजाडले. तोवर खार्किव येथील त्याच्या थडग्यावर, वैमानिक मित्रांकडून स्मरणार्थ, इतकेच लिहिलेले होते.