'इन्शाअल्लाह'चे स्पॅनिश भावंड

मगरिबच्या अजानला दहा मिनिटे उरली की रोजेदारांच्या घरात ताट मांडले जाते. खजूर, चिरलेली फळे आणि लिंबाचे सरबत. त्यातल्या दोन जिनसांची नावे स्पेनमधल्या माणसाला सांगितली तर भाषांतर करायची फारशी गरज पडत नाही. लिंबू तिथे 'लिमोन', साखर तिथे 'असूकार'. संस्कृतातली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि अरबांबरोबर स्पेनला पोहोचल्यावर आपली 'अल' ही अरबी उपाधी लावून 'असूकार' झाली. आपले वांगे आणि तिथले 'बेरेनखेना' एकाच घराण्यातले. नारिंग तिथे 'नारांखा' आणि कापूर 'अल्कानफोर'.

डहाणू-तलासरीतला एखादा विद्यार्थी स्पॅनिश शिकायला परदेशी निघाला, तर त्याने या शब्दांची पुरचुंडी बरोबर घ्यावी. ती वर्गात कामाला येईलच, पण वर्गाबाहेरच्या गावात अधिक उपयोगी पडेल. विशेषतः ते गाव ग्रानादा असेल तर. उर्दू वाचणारे या शहराला गरनाता म्हणतात.

जुन्या शहरातला वर्ग

दक्षिण स्पेनमधले ग्रानादा हे विद्यार्थ्यांचे शहर. तिथल्या विद्यापीठाची स्थापना १५३१ मधली. परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणारे त्याचे आधुनिक भाषा केंद्र रेआलेखो नावाच्या मोहल्ल्यात आहे. हा मोहल्ला एकेकाळी ज्यूंचा होता. त्याच्या तोंडाशी येहुदा इब्न तिब्बोन यांचा पुतळा उभा आहे. बाराव्या शतकात याच शहरात जन्मलेल्या या ज्यू विद्वानाने अरबी ग्रंथ हिब्रूत आणले. भाषा शिकायला येणाऱ्या मुलांचे स्वागत एका भाषांतरकाराने करावे, हे त्या जागेला शोभते.

वर्ग सुटला की शहर सुरू होते. थोडे चालले की 'मद्रासा' लागतो. होय, मदरसाच. सुलतान यूसुफ पहिला याने तो १३४९ मध्ये बांधला आणि आज ती इमारत विद्यापीठाकडे आहे. तिच्या समोरच्या राजघराण्याच्या चॅपलमध्ये राणी इसाबेल आणि राजा फर्नांडो यांच्या कबरी आहेत. ज्यांनी हे राज्य जिंकले ते राजाराणी आणि ज्यांनी हरवले त्यांचा मदरसा, यांच्यात एका अरुंद रस्त्याचे अंतर. वर टेकडीवर अल्हंब्रा. 'अल-हमरा' म्हणजे लाल. त्याच्या भिंतींवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा कोरलेले आहे, की अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही. नासरी सुलतानांचे ते बोधवाक्य होते. सुलतान गेले, वाक्य भिंतीवर राहिले.

मराठी पोराला सोपे काय?

इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला स्पॅनिशमध्ये जिथे ठेच लागते, तिथे मराठी मूल सरळ चालत जाते. 'मला चहा आवडतो' हे वाक्य घ्या. इंग्रजीत आवडून घेणारा मी कर्ता असतो. मराठीत क्रियापद चहाप्रमाणे चालते आणि आंबे असतील तर 'आवडतात' होते. स्पॅनिशमध्ये नेमके तसेच. 'मे गुस्ता एल ते' म्हणजे मला चहा आवडतो आणि 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे मला आंबे आवडतात.

दुसरे उदाहरण 'ला' या प्रत्ययाचे. आपण 'घर पाहतो', पण 'मारियाला पाहतो'. स्पॅनिश माणूसही 'बेओ ला कासा' म्हणतो, पण मारिया आली की 'बेओ आ मारिया'. माणूस आला की मध्ये एक 'आ' येतो. तू आणि तुम्ही हा भेदही तिथे आहे, 'तू' आणि 'उस्तेद' असा. त्यातला 'तू' तर आपलाच वाटावा. नामांना लिंगे दोनच, आपल्यापेक्षा एक कमी. त आणि द दातांवरचे, इंग्रजीसारखे ट-ड नव्हेत. 'नारांखा'मधला घशातला ख शिकवायला तिथले शिक्षक मेहनत घेतात. मदरशात कुराण वाचायला शिकलेल्या मुलाला तो आधीच जवळचा असतो.

सीमेवरच्या तालुक्यांतल्या मुलांची आणखी एक जमेची बाजू आहे. तलासरीतले कितीतरी मूल घरी वारली बोलते, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि टीव्हीपुढे हिंदी. ज्याच्या डोक्यात चार भाषा नांदतात त्याला पाचवीचे भय वाटू नये.

बंदी घातली, तरी उरले

आता त्या अरबी शब्दांकडे. इसवी सन ७११ मध्ये तारिक बिन झियाद समुद्र ओलांडून स्पेनच्या किनाऱ्याला लागला. 'जबल तारिक', म्हणजे तारिकचा डोंगर, याचेच जिब्राल्टर झाले. तेव्हापासून ग्रानादाच्या शेवटापर्यंत जवळजवळ आठ शतके स्पेनच्या कुठल्या ना कुठल्या भागात मुस्लिम सत्ता होती. स्पॅनिश भाषेत त्यातून आलेले अरबी शब्द, त्यांच्यापासून बनलेली रूपे धरून, सुमारे ४,००० मोजले जातात. आपल्याकडे ज्याला नगराध्यक्ष म्हणतात तो तिथे 'अल्काल्दे', म्हणजे मूळचा काझी. कोर्टाचा बेलिफ 'अल्ग्वासील', म्हणजे वजीर. बिचाऱ्याची बरीच पदावनती झाली. जकातीचे ठाणे 'अदुआना', म्हणजे आपले दिवाण. जैतुनाचे फळ 'असेइतूना'.

आणि सर्वांत गोड शब्द 'ओखाला'. 'उद्या पाऊस पडो', 'पोरगी पास होवो' असे म्हणताना स्पॅनिश माणूस सुरुवातीला 'ओखाला' म्हणतो. अल्लाहची मर्जी असेल तर, या अर्थाच्या अरबी बोलापासून तो आला. आपल्या 'इन्शाअल्लाह'चे ते भावंड. चर्चमध्ये जाणारी आजीही तो म्हणते आणि कोणत्याच देवाला न मानणारा नातूही म्हणतो.

हे शब्द सुखासुखी उरलेले नाहीत. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादाच्या किल्ल्या इसाबेल आणि फर्नांडो यांच्या हाती गेल्या. त्याआधी झालेल्या तहात मुसलमानांना त्यांचा धर्म, मशिदी आणि कायदा सांभाळता येईल असे लेखी वचन होते. त्याच वर्षी मार्चमध्ये ज्यूंनी धर्म बदलावा किंवा देश सोडावा असा हुकूम निघाला. १४९९ पासून ग्रानादाच्या मुसलमानांचे सक्तीने धर्मांतर सुरू झाले आणि अरबी पुस्तकांची होळी झाली. लेखी वचन दहा वर्षेही टिकले नाही. १५६७ मध्ये फिलिप दुसरा याच्या हुकुमाने अरबी बोलणे, लिहिणे आणि जुना पोशाख यांवर बंदी आली. त्यातून बंड झाले, ते मोडले गेले. अखेर १६०९ ते १६१४ या काळात धर्मांतरितांच्या वंशजांना, म्हणजे सुमारे ३ लाख माणसांना, देशाबाहेर घालवण्यात आले.

माणसे जहाजात बसवली. पण साखरेला, वांग्याला आणि 'ओखाला'ला जहाजात बसवता आले नाही. घालवणाऱ्यांच्याच जिभेवर ते शब्द बसले होते.

याचा अर्थ अंदलुसमध्ये आठ शतके सगळे गोडीगुलाबीने राहिले असा घेऊ नये. याच ग्रानादात १०६६ मध्ये ज्यू वजिराला ठार करून ज्यू वस्तीवर मोठी कत्तल झाली, तेव्हा सत्ता मुसलमानांची होती. बाराव्या शतकात अल्मोहाद राजवटीने ज्यू आणि ख्रिश्चनांना इतके जाचले की अनेकांनी देश सोडला. सलोखा ही कोणत्या एका धर्माची जन्मजात देणगी नाही. राज्य करणाऱ्याने वचन पाळले की तो असतो, मोडले की जातो. ग्रानादा हा धडा दोन्ही बाजूंनी शिकवते.

शहराबाहेर: पाणी आणि खांब

शनिवार-रविवार विद्यार्थी डोंगराकडे जातात. सिएरा नेवादाचे सर्वांत उंच शिखर मुलासेन, ३,४७९ मीटर. ग्रानादाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल, त्याच्या वडिलांच्या, मुलाय हसन यांच्या, नावावरून ते ओळखले जाते. त्याच्या दक्षिण उतारावरच्या आल्पुखारा भागातल्या पांढऱ्या गावांत बर्फाचे पाणी शेतांपर्यंत नेणारे पाट आहेत. त्यांना 'असेकिया' म्हणतात. मूळ अरबी शब्द पाणी पाजण्याच्या धातूपासूनचा, आपला शायरीतला 'साकी' ज्यातून आला तोच. घोलवड-बोर्डीच्या वाडीत पाटाचे पाणी झाडाच्या आळ्यात सोडणाऱ्या माणसाला ती रचना कोणी समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरी सहल कोर्दोव्याची, म्हणजे कुर्तुब्याची. तिथली मोठी मशीद ७८५ मध्ये बांधायला घेतली. त्या जागी आधी चर्च असल्याचे परंपरा सांगते. १२३६ मध्ये शहर जिंकल्यावर मशिदीचे कॅथेड्रल झाले आणि सोळाव्या शतकात लाल-पांढऱ्या कमानींच्या ऐन मध्यावर उंच चर्च उभे राहिले. आजही ते कॅथेड्रलच आहे. याच शहरात ९२९ मध्ये अब्दुर्रहमान तिसरा याने स्वतःला खलिफा घोषित केले. त्याच्या दरबारात हसदाई इब्न शप्रूत हे ज्यू वैद्य परराष्ट्र व्यवहार पाहत आणि जर्मन राजाकडे वकील म्हणून गेलेले रेसेमुंड ख्रिस्ती होते.

डहाणूच्या किनाऱ्यावरून

स्पॅनिश भाषेशी आपला धागा वाटतो तितका विरळ नाही. १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. वसईपासून आपल्या किनाऱ्यापर्यंत पोर्तुगीज सत्ता असताना तिचा धनी स्पेनमध्ये बसत असे. पोर्तुगीज गेले, पण महिनाअखेरची वाट पाहायला लावणारा 'पगार' ठेवून गेले. स्पॅनिशमध्येही 'पगार' म्हणजे पैसे देणे.

आणि चिकू! २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू मूळचा मेक्सिकोकडचा. त्याच्या नावाचा माग मेक्सिकोतल्या स्पॅनिश 'चिकोसापोते'पर्यंत जातो. त्याच मेक्सिकोत १९२४ मध्ये वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे पोहोचले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरा याने त्यांना भाकरी वाटताना भित्तिचित्रात रंगवले. मायदेशाची दारे बंद झालेल्या मराठी माणसाला दुसऱ्या भाषेने घर दिले.

आज ही भाषा शिकायला सुरुवात करण्यासाठी लगेच विमानाचे तिकीट लागत नाही. मुंबई आणि पुण्याच्या विद्यापीठांत स्पॅनिश शिकवतात. स्पेन सरकारच्या सेर्वांतेस संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे, आणि तिच्या 'देले' परीक्षेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या इथेच चढून गेलेला विद्यार्थी ग्रानादात पैसे वाचवतो आणि पहिल्याच आठवड्यात गावाशी बोलू लागतो.

रमजानमध्ये तिथे असलेल्यालाही एकटे वाटत नाही. अल्हंब्रासमोरच्या अल्बाइसीन टेकडीवर २००३ मध्ये मशीद उघडली आणि त्या शहरात पुन्हा अजान ऐकू आली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. मार्चच्या शेवटच्या रविवारी स्पेनमधली घड्याळे एक तास पुढे जातात, आणि त्या दिवसांत रमजान असेल तर इफ्तार एका रात्रीत तासाभराने लांबतो.

निघण्याआधी या विद्यार्थ्याने आपल्याच तालुक्यातल्या चिंचणीची गोष्ट माहीत करून घ्यावी. तिथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शक ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. कुर्तुब्यात खिलाफत घोषित झाली त्याच्या तीन वर्षे आधीचा. राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या वतीने संजाणचा कारभार तेव्हा एक अरब पाहत होता. संस्कृत लेखात त्याचे नाव 'मधुमती' असे आहे, म्हणजे मुहंमद. त्याने दोन नद्यांवर लोकांसाठी नावा सुरू केल्या, संजाणमध्ये अन्नछत्र घातले, भात, कालवण आणि तूप फुकट वाढले, आणि देवीच्या मठाला दान दिले. हिंदू राजाचा मुसलमान अधिकारी, संस्कृतात लिहिलेले वचन आणि देवीचा मठ.

ग्रानादाचे वचन कागदावर होते, ते दहा वर्षांत फाटले. चिंचणीचे तांब्यावर होते आणि हजार वर्षांनंतरही वाचता येते. ग्रानादाच्या वर्गात कोणी विचारले की तुमच्या गावात असे काही होते का, तर उत्तर तयार असावे. आणि ते पुढेही राहील का, असे विचारले तर 'ओखाला' म्हणावे. पण नुसते म्हणून भागणार नाही. नावा कोणीतरी चालवाव्या लागतात आणि भात कोणीतरी शिजवावा लागतो.