शरीरातला कोतवाल

दर्यापूरच्या आसपासची खेडी आठवून पाहा. पूर्वी तहसिलीतून हुकूम आला की तो चावडीवर येई. मग कोतवाल निघे. घरोघर सांगे, दवंडी देई. मग गाव कामाला लागे. आणि कोतवालच नसला तर? हुकूम चावडीवरच पडून राही.

आपल्या शरीरातही असेच चालते. शरीर बारीक बारीक पेशींचे बनलेले आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. ते आपले शिपाई. हे शिपाई हाडांच्या आतल्या मगजात जन्मतात. पण जन्मला की लगेच शिपाई झाला, असे नाही. त्याला वाढावे लागते. वाढीचा हुकूम पेशीच्या कडेला येतो. तो आत कोण नेतो? काही प्रथिने नेतात. डाळीत प्रथिने असतात हे आपण ऐकले आहे. आपले शरीरही हजारो तऱ्हेची प्रथिने बनवते. त्यांतली काही कोतवालाचे काम करतात.

अशा एका कोतवालाचे नाव बीटीके. तो नसला तर ‘बी’ नावाच्या पेशी अर्ध्यातच अडकतात. रोगजंतूंना अडवणारी प्रतिपिंडे याच पेशींपासून मिळतात. पेशीच वाढल्या नाहीत, तर प्रतिपिंडे येणार कोठून?

१९५२ साली अमेरिकेत डॉ. ब्रुटन यांनी ८ वर्षांचा एक मुलगा तपासला. तो सारखा आजारी पडे. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली नाहीत. डॉक्टरांनी दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे त्याला टोचली. मुलाला आराम पडला. पण असे का होते, ते १९९३ साली कळले. तेव्हा या कोतवालाचा पत्ता लागला. त्याला ब्रुटन यांचेच नाव दिले.

हा आजार फार थोड्यांना होतो, आणि बहुधा मुलग्यांना. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाला पहिले काही महिने सांभाळतात. ती सरली की कान वाहतो, न्यूमोनिया होतो, बरा होतो आणि पुन्हा होतो. अशा वेळी नुसती दृष्ट काढून बसू नये. आईच्या माहेरी एखादा मुलगा असाच लहानपणी गेला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. पोलिओचे थेंब पाजण्याआधी तर जरूर सांगावे; त्या थेंबांत जिवंत जंतू असतात. बाकीच्या मुलांची एकही लस मात्र चुकवू नये, बरे का!

डॉक्टर रक्त तपासायला सांगतील. या आजारांची बारीक तपासणी करणारी सरकारी संस्था मुंबईला परळ येथे आहे. आजार ठरला तर प्रतिपिंडे जन्मभर, ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात. ती वेळेवर सुरू झाली तर मूल शाळेत जाते, मोठे होते.

एक गोष्ट मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. हा दोष पुष्कळदा आईकडून येतो, पण त्यात आईचा अपराध नाही. तिला स्वतःला तो ठाऊकही नसतो. तिला बोल लावू नका. मूल घेऊन तिच्याबरोबर दवाखान्यात जा.